शब्दचर्चा : कालविपर्यास कशाला म्हणावं?

विचारणा : ॲनिमेशनपटांतल्या ऐतिहासिक चुकांवर लेख लिहिते आहे. सगळीकडे 'कालविपर्यास' लिहिलं तर चालेल का? आणि चित्रांत मुद्दाम दडवलेल्या तपशिलांना काय म्हणावं?

प्रतिसाद : सरसकट नको. 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला' म्हणताना आपण समोरच्याच्या हेतूवर बोट ठेवतो. 'कालविपर्यास' म्हटलं की हेतूचा प्रश्न मागे पडतो. गोष्ट भलत्या काळात जाऊन बसली, एवढंच कळतं. म्हणून गफलत काळाचीच असायला हवी.

१९९७ सालचा 'अनास्तासिया' हा ॲनिमेशनपट पाहा. त्याची नायिका अनास्तासिया ही रशियाच्या रोमानोव्ह राजघराण्यातल्या शेवटच्या झारची, म्हणजे सम्राटाची, मुलगी. रोमानोव्ह घराण्याच्या सत्तेला ३०० वर्षं झाल्याचा सोहळा त्यात १९१६ साली दाखवलाय. प्रत्यक्षात तो १९१३ साली झाला. हा सरळ कालविपर्यास. १९२६ साली पात्रं शहराला सेंट पीटर्सबर्ग म्हणतात. ते १९१४ साली पेट्रोग्राड आणि १९२४ साली लेनिनग्राड झालं होतं. हाही कालविपर्यासच, पण जुनं नाव तोंडातून लवकर जात नाही, म्हणून मी त्याला फार दोष देणार नाही.

सिनेमात अनास्तासियाची आजी पॅरिसला राहते, हे मात्र काळाशी संबंधित नाही. ही आजी, मारिया फ्योदोरोव्ना, प्रत्यक्षात रशियन क्रांतीनंतर डेन्मार्कला स्थायिक झाल्या. इथे 'तथ्यदोष' म्हणा, किंवा नुसतं 'चूक'.

सिनेमात राजघराण्याच्या मर्जीतल्या रास्पुतिन या साधूच्या शापाने क्रांती होते, त्याला मी स्पष्टपणे 'इतिहासाचा विपर्यास' म्हणेन. तो डिसेंबर १९१६मध्ये मारला गेला. क्रांती पेटली ती महायुद्धातली हानी आणि पावासाठी लागलेल्या रांगांमधून. जुलै १९१८मध्ये येकातेरिनबुर्गच्या तळघरात आई-वडिलांसोबत अनास्तासियासह पाचही भावंडांना गोळ्या घातल्या गेल्या. अशा इतिहासाचं कारण जादूटोण्यावर ढकलणं मला खटकतं.

विचारणा : आणि वय? सिनेमात अनास्तासिया १९१६ साली आठ वर्षांची आहे.

प्रतिसाद : तिचा जन्म १९०१चा, म्हणजे ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. वर्षांचा हिशेब चुकलाय, पण काळ बदललेला नाही. तथ्यदोषच.

आता दडवलेल्या तपशिलांबद्दल. शेवटचा संघर्ष पॅरिसमधल्या तिसऱ्या अलेक्झांडरच्या नावाच्या पुलावर होतो. हा अलेक्झांडर म्हणजे अनास्तासियाचे आजोबा, आणि १८९६ साली त्या पुलाची पायाभरणी केली तिच्या वडिलांनी. हे माहीत नसलं तरी प्रसंग कळतो, माहीत असेल तर जास्त भिडतो. याला 'बारकावा' हा शब्द चपखल बसतो.

'टॉय स्टोरी'त अँडीच्या आईच्या गाडीच्या नंबरप्लेटवरचं 'ए ११३' मात्र बारकावा नव्हे. तो कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समधल्या, अनेक ॲनिमेटर जिथे शिकले त्या वर्गखोलीचा क्रमांक. कथेशी त्याचा संबंध नाही. तिथे 'खूण' किंवा 'छुपी खूण' लिहा.

विशेषण लागलं तर 'कालविपर्यस्त' चालेल : 'सोहळ्याचा कालविपर्यस्त उल्लेख'. 'कालविपर्यासी' टाळा.