स्टुटगार्ट की बर्लिन? दोन पोरं घेऊन बिऱ्हाड कुठे थाटावं?

वाकडची_वैदेही

नमस्कार मंडळी. पाच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या हातात जर्मनीतल्या दोन नोकऱ्या आहेत. एक स्टुटगार्टजवळ. सध्या चाकणला करतो तेच काम, गाड्यांच्या ब्रेकचं. दुसरी बर्लिनला, सॉफ्टवेअरची, पगार वर्षाला चार हजार युरोंनी कमी. ब्लू कार्ड (शिकलेल्या परदेशी लोकांना मिळणारा नोकरीचा आणि राहण्याचा परवाना) दोन्हीकडे मिळेल. पंधरा दिवसांत कळवायचंय.

लेक येत्या १९ ऑगस्टला सहा पूर्ण करेल. धाकटा सव्वादोन वर्षांचा आहे आणि त्याला फक्त माझ्याच मांडीवर बसून जेवायचं असतं. मी फिजिओथेरपिस्ट, नऊ वर्षं काम केलंय. जर्मनची पहिली पायरी मॅक्सम्युलर भवनात कशीबशी पार केली, शनिवार-रविवार धाकट्याला आईकडे टाकून.

नवऱ्याने एक्सेल केलंय. पगार, कर, भाडं, विमा, सरासरी तापमान, ऑफिसपासूनचं अंतर. अठरा रकाने आहेत. काल रात्री मी विचारलं, "यात मी कुठे आहे?" तर म्हणाला, "म्हणजे? सगळं तुमच्यासाठीच तर करतोय." म्हणून इथे विचारतेय.

लेकीची शाळा, धाकट्याचं पाळणाघर, माझं काम, आणि सासूबाई दर वर्षी येऊन राहणार आहेत (एकट्या असतात, गुडघे दुखतात). हे धरून सांगा. आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. "दोन्ही छान आहेत" असं कृपया कुणी सांगू नका, ते माझ्या मोठ्या दिराने सांगून झालंय.

---

खडकीचा_खवय्या

डोळे मिटून स्टुटगार्ट. मी बोब्लिंगेनला आठ वर्षं आहे. आपली माणसं भरपूर, गणपतीला हॉल पुरत नाही. इडलीचं पीठ, कढीपत्ता, ज्वारीचं पीठ सगळं मिळतं. फ्रँकफर्ट विमानतळ वेगवान रेल्वेने सव्वा तासावर आणि तिथून मुंबईचं विमान थेट. सासूबाईंना गुडघे धरून विमान बदलायला लागणार नाही.

जर्मनची बी१ (तिसरी पायरी) परीक्षा दिलीत तर ब्लू कार्डवर २१ महिन्यांत कायमचा परवाना, नुसत्या ए१ वर (पहिली पायरी) २७ महिने. दोन्ही शहरांत सारखंच, तो रकाना काढून टाका.

अवांतर: मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. कुणाला विचारलंत तर माहीत नसतं.

---

नेकारकाठची

वैदेही, मी मूळची कराडची. २०१६ पासून इथे. आधी स्टुटगार्टच्या बाहेर एका गावात राहिलो, मग एसलिंगेनला. पहिल्या गावाचं नाव घेत नाही, गावाचा काही दोष नव्हता.

आम्ही काय केलं ते ऐक. नवऱ्याच्या ऑफिसपासून सात मिनिटांवर घर घेतलं. त्याला डबा खायला दुपारी घरी येता येईल, केवढी सोय! तेव्हा माझी लेक दोन वर्षांची. घर औद्योगिक वसाहतीच्या कडेला. बस तासाला एक, रविवारी नाहीच. सर्वात जवळचं दुकान दीड किलोमीटर, चढावर. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडायचा आणि मी खिडकीत उभी राहून समोरच्या गोदामातले ट्रक मोजायचे. लेकीचे जर्मनमधले पहिले आकडे त्या ट्रकांवर झालेत. चौदा महिने काढले.

म्हणून माझं पहिलं सांगणं: शहर नंतर ठरव, आधी तुझा मंगळवार ठरव. सकाळी नऊ वाजता नवरा गेलाय. तू, धाकटा आणि बाबागाडी. पायी पंधरा मिनिटांत पाळणाघर, बालरोगतज्ज्ञ, दुकान, खेळायची बाग आणि रेल्वे स्टेशन गाठता येतं का? घराचा पत्ता हातात आला की नकाशावर हे मोज. मग तेच रविवारी मोज. तेव्हा दुकानं बंद असतात आणि बस निम्म्या होतात. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी लिफ्ट आहे का तेही बघ. जुन्या इमारतींत चौथा मजला असतो आणि लिफ्ट नसते. मालक त्याला "छान उजेड येतो" म्हणतो.

आता तुझ्या लेकीचं. तू तारीख दिलीस म्हणून बरं झालं, सगळं तिथेच अडतंय. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या राज्यात, ३० जूनपर्यंत सहा पूर्ण झाली असतील तरच त्या वर्षी शाळा सक्तीची. बर्लिनमध्ये ती तारीख ३० सप्टेंबर. म्हणजे १९ ऑगस्टवाली तुझी लेक बर्लिनला उतरल्या उतरल्या पहिलीत बसेल, भाषा येवो न येवो. पुढे ढकलायचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर व्हावा लागतो. इथे तिला बालवाडीचं एक अख्खं वर्ष मिळेल. पाहिजेच असेल तर लवकर घालताही येतं, पण घालू नकोस. माझी लेक बालवाडीत पहिले चार महिने एक अक्षर बोलली नाही. पाचव्या महिन्यात एका मुलाने तिचं फावडं घेतलं आणि ती पूर्ण जर्मन वाक्यात भांडली, विशेषणासकट. असं पहिलीच्या बाकावर बसून होत नाही.

पण लगेच हुरळून जाऊ नकोस. पाळणाघर-बालवाडीला इथे कीटा म्हणतात. २०१३ पासून वर्षाच्या वरच्या प्रत्येक मुलाला जागा मिळायचा कायदेशीर हक्क आहे. हक्क आहे, जागा नाही. बऱ्याच गावांत तिथला पत्ता नोंदवल्याशिवाय यादीत नावच घेत नाहीत. आणि वेळा विचार! आमच्याकडच्या कितीतरी कीटा दुपारी दीडला बंद होतात. साडेसातला सोडा, दीडला आणा. तेवढ्यात तुझा भाषेचा वर्ग, डॉक्टर, सामान सगळं बसवायचं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाची फी गाव ठरवतं, आणि ती महिन्याला काहीशे युरो असते. घर बघायच्या आधी त्या गावाच्या संकेतस्थळावर "पूर्ण दिवसाच्या" किती कीटा आहेत ते शोध. एक्सेलमध्ये एकोणिसावा रकाना हा घाल.

जागा मिळाली तरी पहिले काही आठवडे मूल रुळेपर्यंत आई किंवा बाबाने तिथे बसायचं असतं. पहिल्या दिवशी एक तास, मग पाच मिनिटं बाहेर जायचं, मग दहा. मांडीवर जेवणाऱ्याला तर महिना धर. नवऱ्याला तेव्हाची रजा आत्ताच मागून ठेवायला सांग, तो म्हणेल "बघू".

गोवराच्या लशीचा कागद हातातल्या बॅगेत ठेव, सामानात नको. २०२० पासून त्याशिवाय कीटात पाऊल टाकू देत नाहीत. तारखा आणि डॉक्टरचा शिक्का ठळक हवा. आमच्या कार्डावर शिक्क्याच्या जागी चहाचा डाग होता.

शाकाहाराचं: कीटातल्या ताईंनी मला विचारलं, "शाकाहारी म्हणजे मासे खाते ना?" मी नाही म्हटलं, तर त्यांनी नीट लिहून घेतलं. नंतर वाढदिवसाला वाटतात त्या अस्वलाच्या आकाराच्या गोळ्या. त्यात बहुधा डुकराचं जिलेटिन असतं. ते त्यांच्या डोक्यातच येत नाही, सांगावं लागतं. सांगितलं की मात्र वर्षभर विसरत नाहीत. माझ्या लेकीसाठी कपाटात वेगळा डबा होता, तिचं नाव लिहून.

तुझ्या कामाचं वेगळं लिहिते, भाजी करपतेय.

---

एक_बर्लिनकर

ताई, वरचं सगळं पटलं, पण बर्लिनची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

कीटाची फी शून्य. २०१८ पासून सगळ्या वयांना. जेवणाचे महिन्याला २३ युरो, काही ठिकाणी वर थोडेसे मागतात. आमच्या भागात आता जागाही मिळतात, कारण मुलंच कमी जन्मतायत. आमचा धाकटा चारपर्यंत असतो. शाळेत पहिली ते सहावी दुपारचं जेवण फुकट, शहरातला बस-रेल्वेचा पास फुकट. तुमचे ते चार हजार युरो इथेच भरून निघतात, साहेबांच्या एक्सेलला सांगा.

दुसरं, लेकीची पहिलीची भीती. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत. स्टुटगार्टला चौथीनंतरच मुलांची विभागणी होते, कोण गिम्नाझियमला (विद्यापीठाच्या वाटेवरची शाळा) आणि कोण दुसरीकडे. नव्याने भाषा शिकणाऱ्या मुलीला दोन जादा वर्षं म्हणजे थोडीथोडकी नाहीत. माझी मोठी दुसरीत आली तेव्हा "डांके" एवढंच येत होतं. आता पाचवीत आहे आणि माझ्या जर्मनला हसते.

तिसरं, ब्रेक. गाड्यांच्या उद्योगात सध्या कपातीच्या बातम्या रोज आहेत. पहिली माणसं कोणती जातात ते मी सांगायला नको.

घर मात्र इथे मिळत नाही. मी ६३ अर्ज केले. एका घराच्या पाहणीला जिन्यात रांग लागली होती, आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि घर पाचव्यावर. रांगेतल्या एका बाईने मालकासाठी केक आणला होता. घर तिला मिळालं.

---

परतलेला_पक्षी

आम्ही स्टुटगार्टला तीन वर्षं होतो, आता बाणेर. नेकारकाठचीताईंचा सल्ला आम्ही शब्दशः पाळला होता (त्या तेव्हा नव्हत्या, पण बायकोच्या डोक्यात हेच होतं). कीटा खाली, बाग समोर, दुकान कोपऱ्यावर. ऑफिसला मी रोज जाऊन-येऊन अडीच तास. शहरात नवं रेल्वे स्टेशन बांधायचं काम २०१० पासून चाललंय. त्यापायी लागोपाठ काही उन्हाळे लोकल गाड्यांचा मुख्य बोगदाच आठवडेच्या आठवडे बंद. मी घरी पोचायचो तेव्हा मुलगा झोपलेला. त्याने मला रविवारचा माणूस म्हणून ओळखलं.

तर मंगळवार दोघांचा मोजा. आठवड्यात घरून काम किती दिवस, ते करारात लिहून घ्या. तोंडी "हो हो" चालत नाही. परत येण्याची कारणं वेगळी होती, ती इथे नको.

---

नेकारकाठची

पक्ष्याचं बरोबर आहे. माझा नवराही आता ४० मिनिटं जातो आणि मला ऐकवतो.

तुझ्या कामाचं: ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला काम करायला वेगळी परवानगी लागत नाही. पण फिजिओथेरपी इथे मान्यता लागणारा व्यवसाय आहे. पदवी, विषयांचे तास, अनुभव सगळं राज्याचं कार्यालय तपासतं. कमी पडलं तर परीक्षा किंवा काही महिने प्रशिक्षण, आणि भाषा बी२. पुण्यातून निघायच्या आधी कॉलेजकडून चारही वर्षांचा अभ्यासक्रम तासांसकट, शिक्का मारून आण. माझ्या मैत्रिणीला (ती दंतवैद्य) हा कागद इथे बसून मागवायला अकरा महिने लागले. कॉलेजातला कारकून दर वेळी "मॅडम रजेवर आहेत" म्हणायचा. मान्यता एकदा मिळाली की देशभर चालते, त्यामुळे यावरून शहर निवडू नकोस. फिजिओथेरपिस्ट सगळीकडे हवेत.

आणि घराबद्दल, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. "तीन खोल्या" म्हणजे आपला टू बीएचके, हॉल त्यात धरतात, स्वयंपाकघर धरत नाहीत. भाडं दोन प्रकारचं, "थंड" आणि "गरम". जाहिरातीत थंड मोठ्या अक्षरात असतं, द्यायचं असतं गरम. अनामत जास्तीत जास्त तीन थंड भाडी, त्याहून मागितली तर कायद्यात बसत नाही.

आणि स्वयंपाकघर नसतं. म्हणजे खोली असते. आत ओटा नाही, सिंक नाही, कपाट नाही, दिवा नाही. भिंतीतून दोन नळकांडी आणि छतातून दोन वायरी. आधीचा भाडेकरू स्वतःचं स्वयंपाकघर उपटून घेऊन गेलेला असतो. मी त्या खोलीच्या मध्यभागी लेकीला कडेवर घेऊन उभी, आणि नवरा म्हणतो, "प्रकाश छान येतो." पाच आठवडे एका विजेच्या शेगडीवर जमिनीवर बसून स्वयंपाक केला, भांडी न्हाणीघरात घासली. जाहिरातीत "स्वयंपाकघरासह" लिहिलंय का बघ, नाहीतर जुन्या भाडेकरूकडून विकत मिळतंय का विचार.

स्टुटगार्टला आलीस तर एक दिवस दाराला पाटी लटकलेली दिसेल, त्यावर "केअरवोखे". घाबरू नकोस. तुमचा जिना झाडायचा आठवडा आला. झाडून पुसून पाटी शेजारच्या दाराला लावायची. आमच्या खालच्या आजी पायऱ्यांच्या कडेवरून बोट फिरवून बघायच्या. त्यांच्याशी माझं जर्मन सुधारलं.

---

वाकडची_वैदेही

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याला धागा वाचायला दिला. "छान उजेड येतो" वाचून तो हसला आणि एकदम गप्प झाला, कारण परवाच त्याने मला पाठवलेल्या एका घराखाली हेच लिहिलं होतं.

स्टुटगार्टकडे कल आहे, लेकीच्या त्या एका वर्षासाठी. पण नवऱ्याने आज दोन मेल टाकल्यात: तिकडच्या कंपनीला घरून कामाचे दिवस करारात घालाल का, आणि बर्लिनला एक आठवडा वाढवून द्याल का. कपातीचं वाचून त्याची झोप उडालीय, ते वेगळं. मी एसलिंगेन आणि प्लोखिंगेनच्या कीटांच्या वेळा काढायला बसलेय. सकाळपासून सात मिळाल्या, त्यातल्या दोनच चारपर्यंत उघड्या.

कॉलेजला फोन केला. मॅडम रजेवर आहेत.

नेकारकाठचीताई, एकच विचारते. त्या पाच आठवड्यांच्या शेगडीवर पोळ्या होतात का, की तेवढे दिवस भातच?

---

नेकारकाठची

होतात, पण तवा जाड बुडाचा सपाट हवा. खोलगट तवा नुसता मधेच तापतो. तुझा आणू नकोस, सासूबाईंचा बिडाचा असेल तर तो हातातल्या बॅगेत नको, सामानात टाक. माझा मुंबईला तपासणीत अडकला होता.