मुलांना घरकामात गोडी कशी लावावी? मदत हवी आहे
मुलगी ८ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. खेळणी आवरणं, कपड्यांच्या घड्या, झाडांना पाणी, एवढीच कामं सांगते. दोघांची शर्यत लावली तर ताई जिंकायची आणि धाकटा रडत बसायचा. मग दोघांनी मिळून घड्याळाला हरवायचं ठरवलं, ते मस्त चाललं. मोज्यांच्या जोड्या जुळवणं तर धाकट्याचा आवडता खेळच झालाय!

स्टारचा तक्ता मात्र ३ आठवड्यांत फसला. "याचे किती स्टार?" विचारल्याशिवाय मुलगी जागची हलेना. बक्षिसासाठी नाही, घर आपलं आहे म्हणून हात लावावा, असं मला मनापासून वाटतं. दप्तर, चपला जागेवर ठेवण्यासारख्या रोजच्या कामांत तुम्ही गंमत कशी आणता? बक्षिसांशिवाय कुणाला जमलं असेल तर प्लीज सांगा.