लसीने अपाय झाला तर भरपाई सरकारने द्यावी का?

पारावरचा (धागाकर्ता)

ब्रिटनमध्ये 1979 पासून एक कायदा आहे. सरकारने शिफारस केलेल्या लसीमुळे कुणाला कायमचं गंभीर अपंगत्व आलं किंवा कुणाचा जीव गेला, तर सरकार एकरकमी पैसे देतं. त्यासाठी कंपनीची चूक किंवा डॉक्टरचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागत नाही. लसीमुळेच घडलं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं पटवता आलं की पुरे. रक्कम 1 लाख 20 हजार पौंड, म्हणजे सव्वा कोटी रुपयांहून जास्त. जर्मनीत असा कायदा 1961 मध्येच झाला. अमेरिकेने 1986 मध्ये केला, आणि जपानमध्येही अशी सोय आहे.

आपल्याकडचं बघा. कोविशिल्ड घेतल्यावर मुली गमावलेल्या दोन कुटुंबांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर 2022 मध्ये प्रतिज्ञापत्र दिलं. त्याचा मथितार्थ असा, की लस घेण्याची कायद्याने सक्ती नव्हती, त्यामुळे सरकारला जबाबदार धरता येणार नाही, भरपाई हवी असेल तर दिवाणी दावा लावा. मुंबईकरांनी हे वाचून काय म्हणावं? 15 ऑगस्ट 2021 पासून दोन डोस आणि वर चौदा दिवस झाल्याशिवाय लोकलचा पास मिळत नव्हता. डोंबिवलीहून फोर्टात कामाला जाणाऱ्याने लस "स्वेच्छेने" घेतली म्हणायची.

पण मला वाद कोविडवर घालायचा नाही. त्यात लगेच राजकारण शिरतं, आणि व्हॉट्सॲपवरचे विषाणुतज्ज्ञ बाह्या सरसावून येतात. पोलिओचं उदाहरण घ्या. तोंडाने देण्याच्या लसीत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. क्वचित, अगदी क्वचित, त्यानेच बाळाला पक्षाघात होतो. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज पहिल्या 27 लाख डोसांमागे एक असा आहे. हे कुणी नाकारत नाही, पाठ्यपुस्तकात छापलेलं आहे. आपण घरोघरी, एसटी स्टँडवर, रेल्वेच्या फलाटावर ते थेंब पाजले, करंगळीला शाई लावली आणि रोग घालवला. जानेवारी 2011 नंतर देशात रानटी (लसीतून न आलेल्या) पोलिओचा एकही रुग्ण नाही. मला त्याचा अभिमान आहे. पण ज्या मोजक्या घरांना या यशाची किंमत मोजावी लागली, त्यांना आपण काय दिलं? सरकारने धोका माहीत असताना मोहीम चालवली, आणि ती चालवणं बरोबरच होतं. म्हणूनच त्या मुलांची जबाबदारी सरकारची आहे. त्यासाठी कुणाला गुन्हेगार ठरवायची गरज नाही.

मी लसविरोधक नाही. नातवंडांच्या लसीकरणाचं कार्ड मीच सांभाळतो. तेव्हा तो शिक्का मारायची घाई नको.

तर्ककर्कश

असहमत. ब्रिटनचा दाखला दिलात, पण तो अर्धाच सांगितलात.

तो कायदा आला कशातून? सत्तरच्या दशकात डांग्या खोकल्याच्या लसीने मुलांच्या मेंदूला इजा होते अशी ओरड झाली. पालकांनी संघटना काढली, खासदारांनी विषय लावून धरला, आणि सरकारने 10 हजार पौंडांची योजना आणली. सुरुवातीच्या वर्षांत शेकडो कुटुंबांना पैसे मिळाले. पुढे 1988 मध्ये लंडनच्या न्यायालयात हाच प्रश्न पुराव्यानिशी तपासला गेला. महिनोन्‌महिने तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, आणि ही लस मेंदूला कायमची इजा करते हे सिद्ध होत नाही असा निकाल लागला. म्हणजे न सिद्ध झालेल्या गोष्टीवर सरकारी तिजोरीतून पैसे देऊन झाले होते. सरकारने धनादेश फाडला, की "बघा, सरकारनेच मान्य केलंय" हे वाक्य कायमचं तयार झालं.

आपल्या पोलिओच्या मुद्द्यावर मान हलवतो. तिथे कार्यकारण स्पष्ट आहे. पण योजना काढाल तेव्हा रांगेत पहिला पोलिओवाला नसेल. लशीनंतर सहा महिन्यांनी हार्ट अटॅक आलेल्याचा मुलगा असेल. त्याला काय सांगणार?

गावचा डॉक्टर

प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, तेव्हा जमिनीवरचं सांगतो.

एका बाळाला पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) दिल्यावर रात्री ताप चढला, मांडी सुजली, की पुढच्या सत्राला निम्मी वाडी येत नाही. आशाताई दारोदार फिरतात, लोक कडी लावून घेतात. आम्ही प्रत्येक आईला सांगतो, कोणती लस दिली, पुढची कधी, ताप आला तर काय करायचं, कार्ड जपून ठेवा. अर्धा तास बसवून ठेवतो. ॲलर्जीचा झटका आलाच तर ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनचं किट शेजारी असतं. आता यात पाचवं वाक्य घाला: "आणि बाळ दगावलं तर सरकार इतके लाख देतं." मग बघा किती जणी बसतात.

शहरात बसून हे कळणार नाही.

पारावरचा

@गावचा डॉक्टर, भीती भरपाईमुळे येते याला पुरावा काय? ब्रिटनमध्ये डांग्या खोकल्याच्या लसीचं प्रमाण कोसळलं ते योजनेच्या आधी. सुमारे 80 टक्क्यांवरून 30 च्या घरात आलं होतं. योजना त्यानंतर आली, आणि पुढच्या दोन दशकांत प्रमाण नव्वदीपार गेलं. योजनेमुळेच गेलं असं म्हणत नाही, पण योजनेने ते बुडालं नाही एवढं नक्की. अमेरिकेतही 1988 पासून पैसे देतायत, तिथे बालकांचं लसीकरण ओस पडलेलं नाही.

आणि पाचवं वाक्य आईला सत्रात सांगायला कोण म्हणतंय? रेल्वे तिकिटावर "अपघातात मेलात तर अमुक लाख" असं छापत नाही. त्यासाठी रेल्वे दावा प्राधिकरण आहे, ज्याच्यावर वेळ येते तो तिथे जातो.

लीड्सवासी

मूळची साताऱ्याची, गेली बरीच वर्षं इथे ब्रिटनमध्ये रुग्णालयात काम करते. धागाकर्त्यांच्या भूमिकेला पाठिंबा, पण इथली योजना कृपा करून आदर्श म्हणून मांडू नका.

पहिली गोष्ट, 1 लाख 20 हजार ही रक्कम 2007 साली ठरली. तेव्हापासून घरांच्या किमती कुठे गेल्या! कोविडच्या दाव्यांनाही तेवढीच.

दुसरी, आणि खरी जाचक गोष्ट म्हणजे 60 टक्क्यांची अट. अपंगत्व 60 टक्के भरलं तर सगळे पैसे, 59 भरलं तर शून्य. मधलं काही नाही. आधी तर ही अट 80 होती, 2002 मध्ये 60 वर आणली. टक्केवारी मोजतात ती कामगारांच्या अपघातासाठी केलेल्या तक्त्यावरून. एक हात मनगटापासून गेला तर 60. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर 40. आता लसीनंतर रक्ताची गुठळी मेंदूत गेलेला चाळिशीचा माणूस घ्या. चालतो, बोलतो, पण चार वाक्यांनंतर धागा सुटतो, नोकरी गेलेली, गाडी चालवता येत नाही. तो या तक्त्यात कुठे बसवायचा? "लसीमुळे झालं हे आम्हाला मान्य आहे, पण अपंगत्व पुरेसं नाही" अशी पत्रं आलेली माणसं इथे आहेत. नकारापेक्षा ते पत्र जास्त झोंबतं.

कोविडचे पंधरा हजारांहून जास्त अर्ज आले, मंजूर झाले दोनशेच्या आसपास. पहिला दावा मंजूर व्हायला जून 2022 उजाडला. म्हणून तर कितीतरी जणांनी ॲस्ट्राझेनेकावर उच्च न्यायालयात दावे लावले. त्याच खटल्यात कंपनीने 2024 मध्ये लिहून दिलं की अत्यंत क्वचित ही लस रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट घटण्याचा विकार घडवू शकते. पुण्यात कोविशिल्ड म्हणून बाटलीत भरली गेली ती हीच लस, हे इथल्या मराठी मंडळात पुष्कळांना तेव्हा कळलं.

विधिज्ञा

तर्ककर्कश यांचा सूर असा, की चूक सिद्ध न करता पैसे देणं ही कसलीतरी परदेशी चैन आहे. आपल्याच कायद्यात हे जागोजागी आहे.

रस्त्यावर कुणी उडवून पळालं, गाडी कोणती तेही माहीत नाही, तरी मृताच्या वारसांना 2 लाख मिळतात. कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात फसली किंवा त्यात बाई दगावली, तर ठरलेली रक्कम मिळते, आणि त्या योजनेमुळे शस्त्रक्रिया बंद पडलेल्या नाहीत. (डॉक्टरसाहेब, तुमच्याच केंद्रात त्याचे फॉर्म असतील.) कोविडने मृत्यू झाला तर 50 हजार दिले, सर्वोच्च न्यायालयाने कान धरल्यावर का होईना.

आणि सगळ्यात मासलेवाईक उदाहरण जानेवारी 2021 चं. कोव्हॅक्सिनला परवानगी मिळाली ती "चाचणीच्या रीतीने वापरा" या अटीवर. तेव्हा लस घेणाऱ्याकडून संमतिपत्र भरून घेत, आणि त्यात लिहिलं होतं की लसीमुळे गंभीर अपाय झाल्याचं सिद्ध झाल्यास कंपनी भरपाई देईल. पलीकडच्या केंद्रावर कोविशिल्ड घेणाऱ्याच्या हातात असा कागद नव्हता. सरकार एक, मोहीमही एकच. कोणत्या केंद्रात नंबर लागला यावर हक्क ठरला!

दिवाणी दावा लावा म्हणणं सोपं आहे. बीडच्या शेतमजुराने पुण्याच्या कंपनीविरुद्ध शीतगृहाच्या नोंदी आणि बॅच चाचणीचे अहवाल मागवून निष्काळजीपणा शाबीत करायचा. वर निष्काळजीपणा नसेलच तर? लस उत्तम प्रतीची होती, नर्सने नीट दिली, तरी शरीराने उलटी प्रतिक्रिया दिली. अशा केसमध्ये दाव्याला प्रतिवादीच उरत नाही. बिनदोष भरपाईची गरज नेमकी तिथेच आहे.

नाममात्र

+1. दोषी शोधत बसण्याने काय होतं त्याचा जुना दाखला परळच्या हाफकिनचा. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेली 19 माणसं धनुर्वाताने गेली. ठपका थेट ती लस तयार करणाऱ्या वाल्देमार हाफकिनवर, निलंबन. खरं कारण होतं बाटलीचं बूच काढताना जमिनीवर पडलेला चिमटा, तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरलेला. हाफकिन सुटायला 1907 उजाडलं.

तर्ककर्कश

@विधिज्ञा, गाडीने उडवलेल्याच्या अंगावर टायरचे वण असतात. लसीचे नसतात. तुमची सगळी उदाहरणं अशी आहेत की घटना डोळ्यांसमोर घडते. इथे घटना घडली की नाही हाच वाद आहे. लस कोट्यवधींना दिली की त्यातली हजारो माणसं पुढच्या महिन्यात तशीही मरणार असतात. मे 2021 मध्ये सरकारी समितीने कोविशिल्डनंतरच्या गंभीर घटना तपासल्या, गुठळ्यांच्या संभाव्य केस निघाल्या 26, म्हणजे दहा लाख डोसांमागे 0.61.

50 हजारांचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. अर्ज अधिकृत मृत्यूंपेक्षा जास्त आले, आठवतंय ना?

विधिज्ञा

जास्त आले कारण मृत्यू कमी मोजले होते. त्याचा दोष अर्जदारांना?

गावचा डॉक्टर

तो 0.61 चा आकडा फार विश्वासाने फेकू नका. त्याच वेळी ब्रिटनमध्ये दहा लाखांमागे 4 आणि जर्मनीत 10 सांगत होते. भारतीय रक्त वेगळं असेलही. पण त्या विकाराची खात्री करायला प्लेटलेट मोजून पीएफ4 प्रतिपिंडाची (रक्ताची एक खास) तपासणी लागते. तालुक्याच्या गावी ती कुठे? डोकेदुखी, उलट्या, मग बेशुद्धी, मग "मेंदूत रक्तस्राव" एवढं लिहून मृतदेह ताब्यात. नातेवाईक शवविच्छेदनाला तयार नसतात, संध्याकाळपर्यंत अग्नी दिलेला असतो. मग लसीनंतरच्या घटना तपासणारी जिल्हा समिती बसते आणि कागदावर "अनिर्णित" लिहिते, कारण दुसरं काही लिहायला पुरावाच नसतो.

आणखी एक. आज लसीनंतर काही झालं की पहिली नोटीस एएनएमला (लस टोचणाऱ्या नर्सला) निघते. जानेवारी 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं, बारा मुलं. तिथे कारवाई योग्यच. पण खरी उलटी प्रतिक्रिया असली तरी कर्मचाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि नोंद टाळण्याकडे कल जातो. या एका कारणासाठी मला बिनदोष योजना पटते. पैशांसाठी नाही. पैसे द्यायचेच तर एकरकमी नकोत, आयुष्यभराचे उपचार आणि दरमहा पेन्शन द्या. एकरकमी रक्कम जमीन नाहीतर लग्न यात जाते, आणि मूल खाटेवरच राहतं.

पारावरचा

पेन्शनचा मुद्दा एकदम मान्य.

तर्ककर्कश, हार्ट अटॅकवाल्याला काय सांगणार, त्याचं उत्तर अमेरिकेच्या कायद्यात आहे. तिथे तक्ता आहे. लसीनंतर चार तासांत तीव्र ॲलर्जीचा झटका आला, तोंडावाटे पोलिओ लस दिल्यावर तीस दिवसांत पक्षाघात झाला, तर लसीमुळेच झालं असं गृहीत धरतात. नाही म्हणायचं असेल तर ते सरकारने सिद्ध करायचं. तक्त्याबाहेरचं असेल तर दावेदाराने पुरावा आणायचा. सहा महिन्यांनंतरचा अटॅक तक्त्यात बसत नाही. निधी लसीवरच्या कराचा, प्रत्येक रोगामागे डोसाला 75 सेंट. आपल्याकडे वर्षाला अडीच कोटींवर बाळं जन्मतात. डोसाला एक रुपया बाजूला काढला तरी तीसेक कोटी सहज जमतात. आमदार निवासाच्या रंगरंगोटीला कमी लागतात का?

तर्ककर्कश

तक्ता असेल आणि तो शास्त्रज्ञांनीच ठरवायचा असेल, तर माझा अर्धा विरोध संपतो. उरलेला अर्धा असा: डॉक्टर म्हणतात तसे निम्मे कागद "अनिर्णित" शेऱ्याचे असतील. त्यांना द्यायचं की नाही? दिलंत तर तक्त्याला अर्थ नाही. नाही दिलंत तर ज्याच्या गावात तपासणीची सोय त्यालाच भरपाई, म्हणजे पुण्या-मुंबईला.

लीड्सवासी

वेळ जुळत असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर उपचारांचा खर्च तरी द्या. आणि टक्केवारीची अट घालूच नका. तुमच्याकडे दिव्यांगांच्या सवलतींना 40 टक्के लागतात, तो आकडा उचलून इथे चिकटवायचा मोह होणारच आहे कुणाला तरी.

गावचा डॉक्टर

उपचारांचा खर्च चालेल. फक्त तो अर्ज माझ्या सहीने पुढे जाणार असेल, तर आधी रक्ताचा नमुना बर्फात ठेवून जिल्ह्याला पाठवायला गाडी द्या. आत्ता आहे ती रुग्णवाहिका बाळंतिणींना पुरत नाही.