गेटवर रडू आलं तर येऊ द्या

वर एकांनी लिहिलंय की लष्करी अकादमीच्या गेटवर पोराला सोडताना आई-बापांनी डोळ्यांत पाणी आणू नये, पोराचं मन खचतं. मला नाही पटत. थोरल्याला खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण अकादमीत, सोडायला गेलो तेव्हा मी शेवटपर्यंत ताठ उभा राहिलो. पहिल्या पत्रात त्यानं विचारलं, "बाबा, तुम्ही रागावला होता काय?" ते वाक्य अजून टोचतं. त्याच्या आईनं मात्र अंबाबाईचा अंगारा लावला, पोटभर रडली, पाठीवरून हात फिरवला. तेवढंच त्याच्या लक्षात राहिलं. "आता केस बारीकच करणार" म्हणत त्यानं खिशातला कंगवा माझ्या हातात दिला होता. परतताना कराड मागं पडेपर्यंत तो माझ्या मुठीतच होता.

आणि एक गोष्ट इथं कुणी बोललं नाही. खडकवासल्याच्या तीन वर्षांनंतर, म्हणजे सहा टर्म झाल्या तरी पोरगा लगेच अधिकारी होत नाही. लष्कराचे कॅडेट पुढं वर्षभर डेहराडूनला जातात, नौदलाचे केरळात एळिमलाला, हवाई दलाचे हैदराबादजवळ दुंडीगलला. कोल्हापुरातून पुण्याला निदान एका दिवसात जाऊन येता येतं, डेहराडूनला नाही. २०२२ पासून मुलीही एनडीएत जातायत, तेव्हा त्यांच्या घरच्यांनीही मनाची तयारी तीन नव्हे, चार वर्षांची ठेवावी.