'पडलेलं नाटक उकरून काय मिळणार?' – घ्या उत्तर

तिसरी घंटा
न्यूयॉर्कमध्ये समलिंगी प्रेमावरची विसरलेली नाटकं पुन्हा बाहेर काढतात, तसं आपणही नाशकात करू म्हणून गंगापूर रोडला एका मित्राच्या गच्चीवर 'मित्राची गोष्ट'चं, म्हणजे दुसऱ्या मुलीवर प्रेम करणाऱ्या मित्रा नावाच्या मुलीच्या नाटकाचं, वाचन ठेवतोय, असं परवा इथे टाकलं. त्याखाली एका ज्येष्ठ सदस्यांनी लिहिलं, "मराठीत असलं नाटक आलं, तेही चाललं नाही. प्रेक्षकांनी १९८१ मध्येच निकाल दिलाय. आता न्यूयॉर्कवाल्यांचं बघून जुनी मढी उकरू नका." दोन ओळींत उत्तर देऊन गप्प बसणार होतो, पण झोप लागेना. तेव्हा आता वाचा.

'सखाराम'वर काय वादळ झालं, 'घाशीराम' कुणाला झोंबलं, हे आपल्या गावात पानवालाही सांगेल. त्याच तेंडुलकरांचं हे नाटक. विनय आपटेंनी बसवलेलं, मित्रा म्हणजे रोहिणी हट्टंगडी. इथल्या किती जणांनी ते वाचलंय? बघितलंय नाही विचारत, वाचलंय विचारतोय.

आणि न्यूयॉर्कचं म्हणाल तर तिथली गंमत ऐका. शोलेम अश यांचं 'गॉड ऑफ व्हेंजन्स' हे मूळ यिद्दिश नाटक १९०७ चं. दोन मुलींचं प्रेम त्यात आहे. १९२३ मध्ये ते ब्रॉडवेवर इंग्रजीत आलं आणि निर्मात्यासकट नटांवर अश्लीलतेचा खटला. १९२६ मध्ये त्याच विषयावरचं 'द कॅप्टिव्ह' आलं, गर्दी खेचत होतं. पुढच्या फेब्रुवारीत पोलिसांनी नट उचलले. मग कायदाच केला, असलं नाटक लावाल तर थिएटरला वर्षभरापर्यंत कुलूप. अशच्या नाटकावर काय गुदरलं यावर पॉला व्होगेलने 'इन्डिसेंट' लिहिलं, ते २०१७ मध्ये ब्रॉडवेवर पोचलं. म्हणजे नव्वदेक वर्षं मध्ये गेली. 'पडलं' आणि 'पाडलं' यात एका कान्याचा फरक असतो, काका.

जुना प्रॉम्प्टर
तो ज्येष्ठ सदस्य मीच. नाव घ्यायला लाजू नका. आणि कान्यामात्रा मला शिकवू नका, तुम्ही दुधाच्या बाटलीवर होतात तेव्हापासून मी विंगेत उभा आहे.

'मित्राची गोष्ट'ला पोलीस आले होते का? नाही. 'सखाराम'ला विरोध झाला, तरी लोक तिकीट काढून गेले. इथे गेले नाहीत, एवढाच अर्थ. आणि आपल्याकडे या गोष्टींचं कुणाला वावडं होतं? बालगंधर्वांसारखा पदर घ्यायला घरंदाज बायका शिकल्या. कुणी मोर्चा काढला? सगळं सहज होतं. तुम्ही त्याला नाव दिलंत आणि बिघडवलंत.

नांदूर नाका
आले! बालगंधर्व आले! मी घड्याळ लावून बसलो होतो.

गोदाकाठची
काका, स्त्रीपार्ट ही सहजता नव्हती, सक्ती होती. कुलीन बाईने रंगमंचावर पाय ठेवायचा नाही, म्हणून पुरुषांनी साडी नेसायची. आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' सिनेमात तारामतीसाठी बाई मिळेना, शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना उभं केलं. 'लंका दहन'मध्ये तर तेच राम आणि तेच सीता. स्वतःच्याच विरहात स्वतः व्याकूळ! याला तुम्ही मोकळेपणा म्हणता?

जुना प्रॉम्प्टर
साळुंक्यांची थट्टा नको. कला होती ती. तासन् तास उभं राहून शिकावी लागे. 'स्वयंवर'मधली रुक्मिणी कधी ऐकली आहे का नीट?

गोदाकाठची
थट्टा त्यांची नाही, तुमच्या दाव्याची चाललीय. आणि आता मुद्द्याचं. 'मित्राची गोष्ट'त सुरुवातीलाच काय होतं? कॉलेजच्या नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते, जिच्यावर तिचं प्रेम बसतं ती नमा नायिका असते, आणि तिथे मित्राला स्वतःची ओळख पटते. पुरुषाने साडी नेसली की गंधर्व, बाईने पुरुषाचा वेष केला की प्रकरण. तुमच्या 'सहज'मध्ये ही दुसरी बाई कुठे बसते?

नांदूर नाका
आणि नाच्या? तो कुठे बसतो? अजूनही शंभरातल्या नव्वद विनोदी नाटकांत एक 'तसा' बुवा मनगट मोडत येतो आणि हशा वसूल करतो. ते चालतं, कारण त्यात प्रेम नसतं, फक्त मनगट असतं.

कपडेपट
सगळे स्त्रीपार्टावर भांडताय, पण नाटकं करायची कुठे ते बोला. शहरातल्या एका नाट्यगृहाचं भाडं विचारायला गेलो. आकडा ऐकून बरोबरचा मुलगा म्हणाला, "दादा, यात तर प्रेक्षकांनाही पगार देता येईल." वर एसी बंद, मेकअपरूमच्या नळाला पाणी नाही. विस्मृतीतली नाटकं बाहेर काढा म्हणे! चालू नाटकंच विस्मृतीत चाललीत.

तिसरी घंटा
भाड्याचा धागा वेगळा आहे हो. पण विषय काढलाच आहेत तर, जो चिनोने १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉर्नेलिया स्ट्रीटवर कॉफीचं दुकान टाकलं. इवलासा मंच, प्रयोगानंतर टोपी फिरवायची. लॅनफर्ड विल्सनचं समलिंगी नायकाचं 'द मॅडनेस ऑफ लेडी ब्राइट' १९६४ मध्ये तिथेच झालं. पुढे १९६८ मध्ये दुकान बंद झालं. भाडं नाही म्हणून आम्हीही गच्चीवर करतोय.

कपडेपट
टोपी फिरवा, मिसळीचे पैसे तरी सुटतील.

सध्या निनावी
दोन दिवस नुसता वाचतोय. काकांच्या विरोधात आहे, पण तुमच्याही बाजूने नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पुन्हा जिवंत झालं, तेव्हा मी कॉलेज रोडवर खोली करून राहत होतो. त्याच आठवड्यात एका वाचनालयातून हे नाटक आणलं. एका पानावर समासात पेन्सिलीने 'शी' लिहिलेलं होतं. मी रात्रभरात वाचून काढलं, आणि शेवटी मित्रा मेली. तीनशे सत्त्याहत्तरपेक्षा जास्त राग मला त्याचा आला. 'द चिल्ड्रन्स अवर' बघा, १९३४ चं. तिथेही मैत्रिणीवर प्रेम करणारी मार्था स्वतःला संपवते. ज्यांना आम्हाला शेवटी मारल्याशिवाय पडदाच पाडता येत नव्हता, त्यांची नाटकं आता मी गच्चीवर बसून कौतुकाने ऐकायची? माफ करा. राहू द्या विस्मृतीत.

तिसरी घंटा
याचं पाठ केलेलं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच म्हणेन की म्हणूनच शोध पुढे न्यायचा. जेन चेंबर्सचं 'लास्ट समर ॲट ब्लूफिश कोव्ह' १९८० चं, म्हणजे आपल्या मित्राच्या आगेमागेच. तिथेही नायिका लिल जाते, पण कर्करोगाने, आणि तिच्या मैत्रिणी शेवटपर्यंत भोवती असतात. मित्राभोवती कोण होतं? एक बापू, तिचा कॉलेजमधला मित्र. आणि नाटक बापूच सांगतो. मित्राची गोष्ट खरी बापूची आहे, असं मला वाटतं. सगळं माहीत असलेला, खोलीची किल्ली देणारा, आणि वेळेवर मागे सरकणारा भला माणूस.

जुना प्रॉम्प्टर
चेंबर्स वगैरे माहीत नाही. माहीत असल्याचा आवही आणत नाही.

राज्य नाट्य स्पर्धेत एका वर्षी प्रॉम्प्टिंग सोडून मी छोटी भूमिका केली होती. नांदूर नाका म्हणतात तसलीच, मनगटाची. एंट्रीला टाळी, एक्झिटला टाळी. आमच्या कपडेपटाला एक मुलगा होता, इस्त्रीचं काम इतकं चोख की धोतराच्या निऱ्या मोजून घ्याव्यात. ती चाल मी त्याच्यावरून उचलली होती. तालमीत सगळे हसायचे, तोही हसायचा. प्रयोगानंतर पेट्या भरून दिल्या आणि पुढच्या तालमीपासून आला नाही. मी चौकशी केली नाही. टाळ्या चालू होत्या ना.

यावरून मी तुमच्या बाजूने आलो असं कुणी समजू नये. नाटक पडलं ते पडलंच. न्यूयॉर्क तिकडेच ठेवा.

गोदाकाठची
काका.

नांदूर नाका
मनगटाचं मागे घेतो. तुमच्यापुरतं.

जुना प्रॉम्प्टर
घेऊ नका. बरोबर होतं ते. स्त्रीपार्टाचं मात्र मी सोडणार नाही, त्यावर निवांत भांडू.

सध्या निनावी
मी तरी येणार नाहीच. पण विचारतो, मित्रा कोण वाचतंय?

तिसरी घंटा
तिथेच अडलंय. एक मुलगी तयार होती, तिच्या घरच्यांनी पोस्टर बघितलं आणि तिचा फोन बंद झाला. दुसरी म्हणते नमा वाचते, मित्रा नको.

जुना प्रॉम्प्टर
आणि बापू?

तिसरी घंटा
बापूसाठी पाच जणांनी नावं दिलीत.