अमावास्येच्या संध्याकाळी आरमार खाडीतून निघालंच कसं?

खाडीकाठचा (कोपरी, ठाणे)

परवा याच मंचावर 'शब्दयोद्धा' यांनी नवलेखकांना सल्ला दिला. त्याचा सारांश असा: अद्भुतरम्य कादंबरीत गादी बळकावण्याचा कट म्हणजे नुसती वात, ती एका प्रकरणात पेटवून मोकळं व्हायचं. वाचक खोळंबलेला असतो आरमाराच्या लढाईसाठी, तिला शंभर पानं द्या. भरती-वाऱ्याचा हिशोब करत बसू नका, 'आपल्या जगाचे नियम आपण ठरवतो'. सोबत स्वतःच्या कादंबरीतला उताराही दिला. अमावास्येची तिन्हीसांज, धाकटा राजपुत्र महालात थोरल्याचा गळा चिरतो, आणि त्याच घटकेला राजनिष्ठ दर्यासारंग तीनशे जहाजं घेऊन शिडं फुगवून खाडीबाहेर पडतो.

हे वाचलं तेव्हा मी लोकलमध्ये होतो. कळव्याच्या पुलावरून खाली पाहिलं. ओहोटी होती. चिखल, चिखलात कलंडलेली एक होडी आणि तिच्यावर बसलेला एक बगळा. म्हटलं, आता उत्तर लिहायलाच हवं.

आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आजोबा-पणजोबांना तोंडपाठ होतं. अमावास्येला पाणी भरतं दुपारी बाराच्या आसपास, मग मध्यरात्री. संध्याकाळी सहाला ठणठणीत ओहोटी. तीही उधाणाची, म्हणजे पाणी जितकं खाली जाऊ शकेल तितकं गेलेलं. तीनशेच्या तीनशे जहाजं गाळात रुतलेली! शिवाय मतलई वारा सुटायला अजून अवकाश, मग शिडं फुगवली कोणी? लेखकाने?

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे. कट आणि आरमार ही दोन प्रकरणं नसतातच. गादीवर बसायला एक रात्र पुरते. दुसऱ्या दिवशी खलाशांचा पगार कोण देणार आणि सरखेल, म्हणजे आरमाराचा प्रमुख, कोणाचा शब्द मानणार, कट तिथे ठरतो. शाहू आणि ताराबाईंच्या झगड्यात कान्होजी आंग्रे आधी ताराबाईंच्या बाजूने होते. शाहूंकडून चालून आलेल्या बहिरोपंत पिंगळे पेशव्यांनाच त्यांनी कैद केलं. मग १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले, कान्होजींशी बोलणी केली आणि अख्खं आरमार शाहूंकडे वळवलं. समुद्रात लढाई झालीच नाही, आणि माझ्या मते ते कुठल्याही लढाईपेक्षा थरारक आहे. समोरासमोर बसलेली दोन माणसं, एकाकडे शिक्का आणि दुसऱ्याकडे गलबतं.

इंग्लंडातलं १६८८ घ्या. जावई विल्यम सासऱ्याची गादी घ्यायला हॉलंडहून निघाला. पूर्वेचा वारा त्याला इंग्लिश खाडीतून पुढे नेत होता आणि त्याच वाऱ्याने राजा जेम्सचं आरमार थेम्सच्या मुखाशी अडकवून ठेवलं. एका वाऱ्याने दोन्ही कामं केली. आणि आपले मित्र म्हणतात वाऱ्याचा हिशोब नको.

शब्दयोद्धा (खारघर)

वा! पंचांग घेऊन आलात. साहेब, माझ्या जगात दोन चंद्र आहेत. तिथे तुमची पाऊणपट चालत नाही. पुढे बोला.

वाचक काय गुडघ्यावर भरतीचं कोष्टक ठेवून वाचतो का? त्याला डोलकाठी कडाडून मोडताना ऐकायची असते. मी ते देतो. माझी पहिली कादंबरी लोकांनी विकत घेऊन वाचली. तुमची सात वर्षं 'होतेय' असं ऐकून आहे. कान्होजींची बोलणी रोमांचक, मान्य. मग कादंबरीऐवजी तहनामाच छापा ना.

तांडेलाची नात (दिवाळे, बेलापूर)

दोन चंद्र असतील तर काम सोपं नाही होत दादा, दुप्पट होतं. दोघांचं पाणी वेगवेगळं चढणार-उतरणार, आणि दोघं एका रेषेत आले की असं उधाण येईल की राजवाड्यात मासे फिरतील. हे तुम्ही फुकट सोडून दिलंत. माझा आजा म्हणायचा, "ज्याला उधान-भांग नाय कलत, त्याला दर्या नाय कलत." (भांग म्हणजे उधाणाच्या उलट, लहान भरती-ओहोटी.)

एक किस्सा सांगते. मी दहाएक वर्षांची असेन. मावशीच्या लग्नाचं वऱ्हाड होडीने निघालं. मामा म्हणाला जेवून निघू. दीड तास उशीर झाला. ऐरोलीच्या अलीकडे होडी टेकली आणि टेकली ती टेकलीच. आजूबाजूला खाडी आणि आम्ही मधोमध चिखलात, बँजोवाल्यांसकट! उतरून चालायची सोय नाही, कंबरेपर्यंत गाळ. पाणी परत चढेपर्यंत पाच तास बसलो. हळद लावलेली मावशी रडत होती, बाबा मामाला शिव्या देत होते आणि रोहित पक्षी आमच्याकडे बघत होते. मामा आजही लग्नात जेवायला बसला की कोणीतरी विचारतं, "भरती बघितली का?" ही एका होडीची गोष्ट. तुमची तीनशे आहेत.

घोडबंदरकर

घोडबंदर रोडवरून सकाळी आठला तीस ट्रक सुटत नाहीत, यांची तीनशे जहाजं एका घटकेत खाडीबाहेर. दर्यासारंगाला आमच्याकडे पाठवा, गायमुखाच्या चढाला उभा करतो.

सीवूड्सचे काका

मी ३१ वर्षं व्यापारी जहाजांवर काढली. लढाया नाही केल्या, पण पाणी पाहिलंय. माझी तक्रार भरतीची नाही, पिण्याच्या पाण्याची आहे. कुठल्याही कादंबरीत जहाजावर कोणी पाणी भरत नाही! वल्ही मारणारा माणूस उन्हात घागरभर पितो. गलबतावर वल्हेकरी चाळीस-पन्नास आणि पिंपं ठेवायला जागा किती? म्हणून ती किनारा सोडून फार दिवस राहू शकत नव्हती. ज्याच्या ताब्यात विहिरी, त्याच्या ताब्यात आरमार. खाडीकाठचे, कट करायचा तर विहिरींवर करा. गळा-बिळा नंतर चिरता येईल.

शब्दयोद्धांना एवढंच सांगतो, पाण्याचा हिशोब केला की थरार कमी होत नाही. कोरियाचा यी सुन-शिन, साल १५९७. त्याच्याकडे १३ जहाजं, समोर शंभराच्या वर जपानी लढाऊ जहाजं. त्याने जागा निवडली ती अरुंद सामुद्रधुनी, जिथून पाणी नदीच्या पुरासारखं धावतं आणि ठरल्या वेळी उलटं फिरतं. प्रवाह फिरला आणि जपानी जहाजं एकमेकांवर आपटली. पाणी उलटं फिरायची वाट बघत उभे राहिलेले ते तास, यावर तुम्ही शंभर काय, दोनशे पानं लिहा. मी वाचेन. चष्म्याचा नंबर वाढला तरी वाचेन.

रेघोटी (नौपाडा)

मला वेगळंच विचारायचंय. त्या उताऱ्यात धाकट्याच्या हातात खंजीर कोण देतं? सावत्र राणी. पडद्याआडून. कुजबुजत. बदलापूरपासून बार्सिलोनापर्यंत सगळ्या कादंबऱ्यांत गादी बळकावण्यामागे बाईच का असते हो?

मोडीवाचक

कारण इतिहासात असते. 'ध चा मा' विसरलात वाटतं. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा.

रेघोटी

वाटच बघत होते! 'ध चा मा' ही आख्यायिका आहे. गारदी वाड्यात शिरले ते थकलेल्या पगाराचा गोंगाट करत. नारायणराव जेमतेम अठराचे. गादीवर बसले कोण? राघोबादादा. रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सुनावलं कोणाला? राघोबादादांना. आणि अडीचशे वर्षं शाळेतली पोरं नाव घेतात आनंदीबाईंचं, एका अक्षरासाठी.

मोडीवाचक

ताई, आख्यायिका म्हटलं की सगळं धुतलं जात नाही. आणि कादंबरीसाठी तो कळसाचा प्रसंग आहे. एका अक्षराने पेशवा मरतो. यापेक्षा चांगला कट लिहून दाखवा.

रेघोटी

लिहिलेला आहे, १६८०. महाराज ३ एप्रिलला गेले, संभाजीराजे पन्हाळ्यावर, आणि रायगडावर अठरा दिवसांत राजारामांचं मंचकारोहण. हेही 'सोयराबाईंचं कारस्थान' म्हणून सांगतात. मग अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत हे मंत्री तेव्हा काय पत्रावळ्या लावत होते? आणि कट फसला कशाने? सेनापती हंबीरराव मोहिते सोयराबाईंचे सख्खे भाऊ, ते संभाजीराजांकडे गेले म्हणून. इथे खाडीकाठच्यांचा मुद्दा बरोबर आहे, फौज कुठे जाते तिथे कट संपतो. पण नाव बाईचं.

घरचंच सांगते. आमच्या जुन्या वाड्याच्या पुनर्विकासात काकांनी आजीकडून कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या आणि बाबांचा हिस्सा गेला. काका स्वतः वकिलाकडे गेले, स्वतः कागद आणले. आजपर्यंत प्रत्येक कार्यात नातेवाईक काय म्हणतात? "काकूने कान भरले." काकूला त्या दिवशी चिकुनगुन्या झाला होता, उठून बसता येत नव्हतं!

मोडीवाचक

तुमच्या काकूंवरून पेशवाईचा निकाल लावायचा म्हणजे कमाल झाली.

रेघोटी

तुम्ही एका अक्षरावरून लावता, मी माणसांवरून लावते.

घोडबंदरकर

काकूंना आता कसं आहे?

मोडीवाचक

विषय भरकटवू नका. आनंदीबाईंबद्दल पुरावा तोकडा आहे, हे मी नाकारलेलं नाही. 'निर्दोष' म्हणायलाही तो तोकडाच. आणि या धाग्यावरच्या ठाणेकरांना एक आठवण: त्याच भानगडीचा फायदा घेऊन इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये तुमचा ठाण्याचा किल्ला घेतला. राघोबादादा गादीसाठी त्यांच्या दारात गेलेच होते. जो किल्ला १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून मिळवला होता, तो एका कटाच्या शेपटीला बांधून गेला. आज आत कारागृह आहे, म्हणून कोणाला बघायलाही मिळत नाही. कादंबरी लिहायची तर ही लिहा. पुण्यात खून, किंमत मोजली ठाण्याने.

खाडीकाठचा

मोडीवाचक, रागावू नका, पण हे माझ्या मुद्द्याचंच उदाहरण झालं. आभार. (रेघोटी, माझ्या कादंबरीत कट करणारा खजिनदार आहे. पुरुष. मिशी आहे.)

शब्दयोद्धा अजून दोन चंद्रांमागे लपलेत का?

शब्दयोद्धा

लपलो नाही, कामावर होतो. सगळ्यांना सुट्टी नसते.

आता ऐका. माझ्या मूळ खर्ड्यात कटाची तीन प्रकरणं होती. खलाशांचा थकलेला पगार होता, शपथ बदलणारा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, होता. एका प्रकाशकांनी सांगितलं, "तीनशे पानांच्या वर गेलात तर कागदाचा खर्च तुमचा. कट कापा, लढाई ठेवा, मुखपृष्ठावर जहाज येऊ दे." मी कापला. दोन रात्री झोपलो नाही. मग स्वतःलाच पटवलं की कट म्हणजे नुसती वात. तोच सल्ला इतरांना दिला. झालं समाधान? काढा फोटो.

पण खाडीकाठचे, तुम्हीही सोवळे नाही. गेल्या दिवाळीत तुम्ही वाचून दाखवलेल्या प्रकरणात दोन आरमारं भिडतात कधी? आषाढात. धो धो पावसात. मला आठवतंय, टाळ्या पडल्या होत्या.

तांडेलाची नात

आषाढात?? नारळ कोणी वाहिला होता? आषाढात होड्या किनाऱ्यावर ओढून, वर झापं टाकून बांधून ठेवतात. नारळी पौर्णिमेच्या आधी दर्यात जातो तो एक तर वेडा, नाहीतर कर्जबाजारी. आणि हे आम्हाला पाऊणपट शिकवणार!

खाडीकाठचा

ती चूक आहे. मान्य. पावसाचं वर्णन चांगलं जमलं होतं म्हणून मोह झाला.

सीवूड्सचे काका

मोह टाकू नका, महिना हलवा. लढाईचा नाही, कटाचा! आषाढात गादी घ्या. राजनिष्ठ आरमार किनाऱ्यावर झापांखाली पडलंय, शिडं उतरवलेली, खलाशी गावी भात लावायला गेलेले. बळकावणाऱ्याला नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी हात लावू शकत नाही. फार तर दीड महिना. तेवढ्यात त्याला एकेका तांडेलाच्या घरी जाऊन माणसं फोडायची आहेत, आणि दुसऱ्या बाजूलाही तेच करायचं आहे. भातलावणीच्या चिखलात अख्खा कट. पौर्णिमेला नारळ पाण्यात पडतो तेव्हा कोणती होडी कोणाची, हे कोणालाच ठाऊक नाही.

शब्दयोद्धा

... हे कोणी वापरणार आहे का?

खाडीकाठचा

मी.

शब्दयोद्धा

सात वर्षांनी वापराल. तोवर माझी तिसरी आलेली असेल.

मोडीवाचक

मुंबईजवळच्या खांदेरी बेटाची १६७९ ची लढाई बघा दोघांनीही. इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्याची वाट बघत उभी, आणि शिवाजी महाराजांच्या मायनाक भंडारींची लहान होडकी रात्री वल्ही मारत बेटावर रसद पोचवत होती. 'डव्ह' नावाची इंग्रजांची गुराब (लढाऊ जहाज) तर मराठ्यांनी पकडलीच. तीनशे जहाजांचा हव्यास सोडा, लहान तरांडी घ्या.

शब्दयोद्धा

बरं बाबांनो. अमावास्या काढली. अष्टमी केली. आठाची पाऊणपट सहा, संध्याकाळी सहाला पूर्ण भरती. आता तरी खाडीकाठच्यांची लोकल सुखाने कळव्याला पोचेल?

खाडीकाठचा

वद्य अष्टमी करा. चंद्र मध्यरात्री उगवतो, तोवर अंधार. शुद्ध केलीत तर खंजीर चांदण्यात चमकेल.

शब्दयोद्धा

केली वद्य. कुठला चंद्र ते विचारू नका.

तांडेलाची नात

अष्टमीला भांग असते दादा. भरती सहाला खरी, पण पाणी अर्धंच चढणार. मोठी जहाजं तरीही टेकतील.

शब्दयोद्धा

होडकी करतो. चाळीस.

घोडबंदरकर

जेवून निघू नका म्हणावं.