यीस्टच्या मातृपेशीतील प्रथिनांच्या गुठळ्या कन्यापेशीत का जात नाहीत?

प्रश्न
बेकरीत वापरल्या जाणाऱ्या यीस्टची एक पेशी साधारणतः २० ते ३० वेळाच विभागते. ही मर्यादा मॉर्टिमर आणि जॉन्स्टन यांनी १९५९ मध्ये दाखवून दिली. वय वाढते तशा मातृपेशीत बिघडलेल्या प्रथिनांच्या गुठळ्या साठत जातात, पण तिच्यापासून सुटणारी कन्यापेशी बहुधा त्यांच्यापासून मुक्त असते. विभाजन पूर्ण होईपर्यंत दोघींचे पेशीद्रव्य जोडलेले असूनही गुठळ्या पलीकडे का जात नाहीत?

पहिला प्रतिसाद
गोथेनबर्ग येथील नीस्ट्रॉम यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले, की ऑक्सिडीकरणाने खराब झालेली प्रथिने प्रामुख्याने मातृपेशीतच राहतात आणि त्यासाठी सर-२ हे प्रथिन व पेशीचा सांगाडा घडवणारे ॲक्टिनचे तंतू आवश्यक असतात. याच गटाने २०१० मध्ये पुढचे स्पष्टीकरण मांडले: ॲक्टिनचे तंतू कळीच्या (मातृपेशीवर वाढणाऱ्या भावी कन्यापेशीच्या) टोकाशी वाढतात आणि मातृपेशीकडे सरकत राहतात, त्यामुळे त्यांना चिकटलेल्या गुठळ्याही मागे नेल्या जातात.

दुसरा प्रतिसाद
मला हे चित्र अपुरे वाटते. राँग ली यांच्या गटाने २०११ मध्ये एकेका गुठळीचा माग काढला, तेव्हा तिची हालचाल दिशाहीन आढळली. अशा दिशाहीन हालचालीने, म्हणजे विसरणाने, अंतर कापण्यास लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गुठळी मोठी, म्हणून संथ, मातृपेशी व कळी यांना जोडणारी मान अरुंद आणि पोषक माध्यमात एका विभाजनाला जेमतेम दीड तास, असे असताना बहुतेक गुठळ्या मानेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच कळी वेगळी होते. शिवाय अनेक गुठळ्या अंतर्द्रव्यजालिका व मायटोकॉन्ड्रिया या पेशीतील अंगकांना चिकटलेल्या असतात, म्हणजे त्या मोकळ्या फिरतही नाहीत. आणखी एक सावधगिरी बाळगावी: अशा कित्येक प्रयोगांत तरुण पेशींना उष्णतेचा धक्का देऊन गुठळ्या तयार केल्या जातात, तर धक्का न देता म्हाताऱ्या होणाऱ्या पेशीत बहुधा एकच साठा दिसतो. दोन्हींना एकच नियम लावणे घाईचे ठरेल.

प्रश्नकर्ता
एचएसपी-१०४ हे प्रथिन गुठळ्या सोडवते, असे वाचले. मग ते नसलेल्या पेशीत बिघडलेल्या प्रथिनांची ही असमान वाटणी का ढासळते?

दुसरा प्रतिसाददाता
कारण ते केवळ मातृपेशीत काम करत नाही. कळीत गेलेली वा तेथेच तयार झालेली गुठळीही ते एचएसपी-७० या मदतनीस प्रथिनाच्या साहाय्याने उलगडते, आणि हे काम थांबले की कळी स्वच्छ राहण्याचा एक मार्ग बंद होतो. तात्पर्य, अडवणे आणि सोडवणे या दोन्ही क्रिया एकत्र मोजाव्या लागतात.

तिसरा प्रतिसाद
ही व्यवस्था अखेरपर्यंत टिकत नाही, हेही नोंदवावे. अतिवृद्ध मातृपेशींच्या कन्यापेशी कमी जगतात; मात्र त्यांच्या पुढील पिढ्यांत आयुर्मान हळूहळू पूर्ववत होते. त्यामुळे हा दोष बहुधा जनुकीय बदलाचा नसून वाट्याला आलेल्या पेशीद्रव्याचा असावा. तरीही त्याचे सारे खापर गुठळ्यांवर फोडता येणार नाही, कारण मातृपेशीत आरडीएनएची (रायबोसोमच्या आरएनएची जनुके असलेल्या डीएनएची) वर्तुळेही साठत असतात.